शांततेचा दिवस आणि तहाची कलमे

दरवर्षी 21 सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय शांतता दिन जवळ आला की एक जुना वाद नव्याने सुरू होतो आणि पहिले महायुद्ध थांबल्याच्या स्मृतिदिनापर्यंत, म्हणजे 11 नोव्हेंबरपर्यंत, धुमसत राहतो. एक बाजू म्हणते, युद्धात पडलेल्यांपुढे मान झुकवणे हेच शांततेचे खरे स्मरण. त्यासाठी वेगळा दिवस कशाला? दुसरी बाजू म्हणते, सैनिकी संचलन आणि तोफांच्या सलामीत शांतता कुठेच नसते. 1933 साली ब्रिटनमधल्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्डच्या स्त्रियांनी युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ लावल्या जाणाऱ्या लाल पॉपीच्या फुलाऐवजी पांढरी पॉपी पुढे आणली, तेव्हापासून हा आक्षेप कायम आहे. तिसरा सूर अलीकडे जास्त ऐकू येतो: आठवणीच वैर जागे ठेवतात, तेव्हा सगळेच विसरून जा. तिन्ही बाजूंचा प्रामाणिकपणा मी मानतो. पण वाद चालतो तो शोक करावा, अभिमान बाळगावा की गप्प बसावे, एवढ्यावरच. शांतता ज्या गोष्टीमुळे येते, तो तह, त्याची कलमे, ती कोणी पाळली आणि कोणी मोडली, याबद्दल या वादात कोणी अवाक्षर काढत नाही.

माझे म्हणणे असे आहे की शांतता जशी घडली तशीच ती आठवली पाहिजे. ती घडली देवाणघेवाणीतून. कोणीतरी किल्ला सोडला, कोणीतरी जहाज विकले, कोणीतरी कैदी परत केले, कोणीतरी न्यायाची रास्त मागणी पुढे ढकलली. शांततेच्या दिवशी हे मोठ्याने वाचले जावे, दोन्ही बाजूंसमोर वाचले जावे, आणि प्रत्येक कलमापुढे पूर्ण, अपूर्ण किंवा मोडले असा शेरा असावा. पुष्पचक्र, घंटा, मौन यांना माझा विरोध नाही. पण ते या वाचनाच्या सोबतीला असावेत, त्याच्या जागी नकोत.

कलमे गाळून केलेल्या स्मरणाचे काय होते, ते फ्रान्समधल्या काँपियेनच्या जंगलात दिसते. 11 नोव्हेंबर 1918 च्या पहाटे पाचच्या सुमारास तिथे एका रेल्वेच्या डब्यात पहिले महायुद्ध थांबवणाऱ्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. अंमल मात्र सकाळी अकरापासून होता, आणि मधल्या सहा तासांत लढाई चालू राहिली, माणसे मरत राहिली. फ्रान्सने त्या जागी पुढे शिळा बसवली. तिच्यावर कोरले ते असे की जर्मन साम्राज्याचा गुन्हेगारी माज इथे धुळीला मिळाला. शत्रूने काय कबूल केले, आपण काय कबूल केले, पुढे काय करायचे ठरले, यातले त्यावर काही नव्हते. होता तो फक्त समोरच्याचा पाणउतारा. 22 जून 1940 रोजी हिटलरने त्याच जागी, त्याच डब्यात फ्रान्सला सही करायला लावली, मग स्मारक उद्ध्वस्त करवले आणि डबा बर्लिनला नेला. त्या शिळेमुळे दुसरे महायुद्ध झाले असे कोणी म्हणणार नाही. पण शांततेच्या जागेवर अपमान कोरला की तिथे सूडाचा पत्ताही लिहिला जातो, एवढे तरी मान्य करावे लागेल.

अमेरिकेत हेच शांतपणे घडले. 13 मे 1938 च्या कायद्याने तिथे 11 नोव्हेंबर ही सुट्टी जाहीर झाली, तेव्हा कायद्यात स्पष्ट लिहिले होते की हा दिवस जागतिक शांततेच्या कार्याला वाहिलेला आहे. 1954 मध्ये त्याचे नाव बदलून तो माजी सैनिकांचा दिवस झाला. माजी सैनिकांना मान मिळावा यात वावगे काही नाही. तो त्यांचा हक्कच आहे. प्रश्न इतकाच की सोळा वर्षांत शांततेला वाहिलेला दिवस दुसऱ्या कामाला गेला आणि फारशी ओरड झाली नाही, ती का? त्या दिवशी करण्यासारखे शांततेचे ठोस असे काही कधी ठरलेच नव्हते, म्हणून. रिकाम्या जागेवर कोणीही येऊन बसते.

आता विरुद्ध बाजूच्या मुद्द्यांकडे वळू. पहिला खरोखर जड आहे: युद्धाला मृतदेह असतात, तारीख असते, रणभूमी असते, शांतता म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेल्याचे स्मारक कसे उभारणार? ज्याचा मुलगा मेला त्याला नावाजवळ उभे राहायला जागा हवी असते. कलमे वाचून त्याचे समाधान होणार नाही, हे मी मान्य करतो. पण शांतता म्हणजे काही न घडणे, हे मात्र खरे नाही. अर्जेंटिना आणि चिली विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अँडीजमधल्या सीमेवरून युद्धाच्या तोंडाशी आले होते. दोघांनी युरोपातल्या गोद्यांत युद्धनौका बांधायला टाकल्या होत्या. 28 मे 1902 च्या करारांनी पुढचे वाद ब्रिटनच्या राजाच्या लवादाने सोडवायचे ठरले आणि आरमारावर मर्यादा आली. चिलीच्या बांधकामाधीन दोन युद्धनौका ब्रिटिश नौदलाने घेतल्या. अर्जेंटिनाच्या इटलीत तयार होत असलेल्या दोन क्रूझर जपानला विकल्या गेल्या. 13 मार्च 1904 रोजी सीमेवरच्या खिंडीत, सुमारे 3,800 मीटर उंचीवर, ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तो पाहायला लोक आजही घाट चढून जातात. पण शांतता आली ती चार जहाजांच्या विक्रीतून, आणि हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? त्याच हिशेबात एक अवघड ओळही आहे: जपानने घेतलेल्या दोन क्रूझर लगेच रशियाविरुद्धच्या युद्धात उतरल्या. दोन शेजाऱ्यांची शांतता तिसऱ्याच्या युद्धाला शस्त्रे पुरवून गेली. कलमे वाचली तरच हे कळते. पुतळा ते सांगत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांची गोष्ट याहून काटेकोर आहे. 1812 च्या युद्धानंतर, 1817 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने पत्रांची देवाणघेवाण करून ठरवले की ओंटारिओ सरोवरात प्रत्येकी एकच नौका असेल, 100 टनांहून मोठी नाही, तिच्यावर 18 पौंडी गोळा टाकणारी एकच तोफ. वरच्या सरोवरांत अशा दोन, शँप्लेन सरोवरात एक. बाकीच्या मोडीत काढायच्या. 1921 मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवर शांततेची कमान उभी राहिली, ती ते युद्ध संपवणाऱ्या 1814 च्या गेंटच्या तहाच्या शताब्दीची. कमान सुंदर आहे, पण सरोवरे शांत ठेवली ती टनांच्या आणि तोफांच्या त्या आकड्यांनी. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोद्यांमध्ये नौका बांधण्याची वेळ आली तेव्हाही दोन्ही देशांनी एकमेकांना लिहून, विचारून नियम सैल केले. शंभराहून अधिक वर्षांनी कलम आठवणे आणि ते वाकवण्याआधी समोरच्याला विचारणे, यापेक्षा चांगले स्मरण कोणते?

दुसरा आक्षेप असा की शांततेचे उत्सव जेत्यांचेच असतात. रोमन सीनेटने इसवीसनपूर्व 13 मध्ये ऑगस्टसच्या शांततेची वेदी बांधायचे ठरवले, ते तो स्पेन आणि गॉलमधली व्यवस्था लावून परतला म्हणून. इसवीसनपूर्व 9 मध्ये तिचे अर्पण झाले, तेही युद्धदेव मार्सच्या मैदानावर. पुढे इथिओपियावर चाल करून गेलेल्या मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये त्याच वेदीचे तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली. आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच कलमांचा आग्रह धरायचा. त्या वेदीवर राजघराण्याची मिरवणूक आहे, फळाफुलांची समृद्धी आहे, मांडीवर बाळे घेतलेली स्त्री आहे. रोमने काय सोडले, ते मात्र कुठेच नाही. शांततेच्या कुठल्याही स्मारकासमोर उभे राहून एकच प्रश्न विचारावा: हे उभारणाऱ्याने स्वतः काय दिले, ते इथे लिहिले आहे का? उत्तर नाही असेल तर ते विजयस्तंभच आहे, नाव काहीही असो.

सगळ्यात गंभीर आव्हान विस्मरणवाद्यांचे आहे, आणि त्यांचे दाखले भक्कम आहेत. इसवीसनपूर्व 403 मध्ये अथेन्सने तीस जुलूमशहांच्या राजवटीनंतर शपथ घेतली की मागचे अपराध उकरून काढायचे नाहीत. 1598 च्या नांतच्या फर्मानाने फ्रान्समधल्या धर्मयुद्धांची आठवण विझवून टाकायचा हुकूम दिला. 1648 च्या वेस्टफालियाच्या तहाने तीस वर्षांच्या युद्धातल्या सगळ्या कृत्यांना कायमचे विस्मरण आणि माफी दिली. लोक दमले होते, आणि विसरणे हा शहाणपणा होता, असा युक्तिवाद होतो.

पण हे तह पूर्ण वाचले की चित्र पालटते. अथेन्सच्या माफीतून तीस सत्ताधीश आणि त्यांचे ठरावीक अधिकारी वगळले होते. त्यांना माफी हवी असेल तर आधी कारभाराचा हिशेब द्यावा लागे. ज्यांना लोकशाहीखाली राहायचे नव्हते त्यांना एल्युसिस हे वेगळे गाव दिले होते. जुलूमशहांनी स्पार्टाकडून घेतलेले कर्ज नव्या लोकशाहीने सर्वांच्या तिजोरीतून फेडले. न्यायसभेचे सदस्य आपल्या शपथेत ही माफी पाळण्याचे वचन देत. म्हणजे जे विसरायचे ते काय आहे, हेही शपथ घेऊन लक्षात ठेवावे लागत होते. वेस्टफालियात तर विस्मरणाच्या कलमापुढेच भलेमोठे लक्षात ठेवणे आहे: चर्चची मालमत्ता कोणाकडे जाईल हे 1 जानेवारी 1624 रोजी ती कोणाकडे होती यावरून ठरायचे. स्वीडनच्या सैन्याला घरी पाठवण्यासाठी 50 लाख टालर, म्हणजे चांदीची नाणी, मोजायचे. ती रक्कम कशी जमवायची आणि कोणती ठाणी कधी रिकामी करायची, यासाठी न्यूरेंबर्गला 1650 पर्यंत वाटाघाटी चालल्या. तेव्हा विसरला गेला तो कोणी कोणाला काय म्हटले, कोणी आधी तलवार उपसली हा हिशेब. कोणी काय देणे लागते, तो हिशेब तंतोतंत ठेवला गेला. विस्मरणवादी पहिले कलम वाचतात आणि पुस्तक मिटतात.

शांततेच्या आठवणीने युद्ध टळतेच असे नाही, हेही मान्य. 27 मार्च 1996 रोजी मालीतल्या टिंबक्टूमध्ये सुमारे 3,000 बंदुका जाळून शांततेची ज्योत पेटवली गेली आणि जळालेली शस्त्रे काँक्रीटच्या स्मारकात बसवली गेली. 2012 मध्ये ते शहर पुन्हा सशस्त्र गटांच्या हाती गेले. मोझांबिकमध्ये 4 ऑक्टोबर ही शांततेची राष्ट्रीय सुट्टी आहे, तिथले यादवी युद्ध संपवणाऱ्या 1992 च्या रोम कराराची. तिथल्या ख्रिस्ती परिषदेने 1995 पासून बंदुका घेऊन बदल्यात शिलाई यंत्रे, सायकली, कुदळी दिल्या. तोडलेल्या बंदुकांपासून कलाकारांनी खुर्च्या केल्या. 2013 मध्ये तिथेही पुन्हा गोळीबार सुरू झाला, आणि 2019 मध्ये नवा करार करावा लागला. मग या सगळ्याचा उपयोग काय? जाळलेली बंदूक हे एका कलमाचे पालन आहे, फक्त एका. लढवय्यांना सैन्यात सामावणे, सत्तेत वाटा, दूरच्या प्रदेशांना निधी, ही कलमे धूर निघून गेल्यावरही वर्षानुवर्षे चालणारी असतात. ज्योत पाहून शहरात परतलेल्यांना काम संपल्यासारखे वाटते, आणि खरी कुचराई तिथून सुरू होते. स्मारक निष्फळ ठरले असे मी म्हणणार नाही. त्याने सांगितलेला मजकूर अपुरा होता.

यानंतरचा आक्षेप माझ्या मांडणीवर थेट येतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पुष्कळ तह मुद्दाम संदिग्ध ठेवलेले असतात. प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचा अर्थ काढता येतो म्हणूनच सह्या होतात. कलम न् कलम दरवर्षी वाचाल तर झाकलेली भांडणे उघडी पडतील. उत्तर आयर्लंडचा 10 एप्रिल 1998 चा करार असाच आहे. कैदी दोन वर्षांत सोडायचे होते, ते सुटले. शस्त्रत्यागासाठीही दोन वर्षांचीच मुदत होती, पण ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकालात निघाल्याचे जाहीर व्हायला सप्टेंबर 2005 उजाडले. या मधल्या काळात दर एप्रिलला चौकात कलमे वाचली असती तर तिथले दोन्ही बाजूंचे संयुक्त सरकार टिकले असते का? त्याशिवायही ते अनेकदा कोलमडलेच. पण याच कराराची प्रत सार्वमताआधी घरोघरी पाठवली होती, आणि 71 टक्के मतदारांनी तो वाचून, त्यातल्या कडू गोष्टी गिळून होकार दिला होता. ज्या लोकांवर तो वाचण्याची जबाबदारी टाकली, त्यांच्यापासून नंतर तो दूर ठेवायचा, हे मला पटत नाही. बेलफास्टमधल्या वस्त्यांना वेगळ्या करणाऱ्या भिंती 2023 पर्यंत हटवण्याचे उद्दिष्ट तिथल्या सरकारने 2013 मध्ये जाहीर केले. 2023 उलटून गेले. भिंती उभ्या आहेत. दर वर्षी किती फूट भिंत पडली एवढे एकच वाक्य वाचले गेले असते तर मुदत अशी मुकाट्याने सरली नसती.

वाचनाचा दुरुपयोग होतो याचा सर्वांत जुना दाखला अथेन्स आणि स्पार्टामधल्या इसवीसनपूर्व 421 च्या तहाचा आहे. पन्नास वर्षांसाठी केलेल्या त्या तहाची शपथ दर वर्षी नव्याने घ्यायची होती, आणि मजकुराचे स्तंभ ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमस, अथेन्स आणि स्पार्टा अशा पाच ठिकाणी उभारायचे होते. पाठोपाठच्या मैत्रीकरारात तर असे ठरले की शपथेसाठी स्पार्टाचे लोक अथेन्सला दिओनिसियाच्या उत्सवात येतील आणि अथेन्सचे लोक स्पार्टाला हायाकिंथियाला जातील. काही वर्षांतच अल्किबायडिस या अथेन्सच्या नेत्याच्या सांगण्यावरून अथेन्सने आपल्याकडच्या स्तंभाच्या तळाशी एक ओळ कोरली: स्पार्टाने शपथ पाळली नाही. ती चिथावणी होती, आणि तह टिकला नाही. तरीही त्या ओळीत मला एक गोष्ट मोलाची वाटते: आरोप करायला दोघांना मान्य असलेला मजकूर होता. चूक झाली ती एकट्याने कोरण्यात. म्हणून शेरा दोघांच्या संमतीचा असावा, आणि वाचताना प्रत्येकाने फक्त स्वतःची वचने वाचावीत, समोरच्याची नव्हे. एवढ्या एका नियमाने वाचनातले निम्मे विष उतरेल.

उरतो व्यवहार. तारीख निवडताना सहीचा दिवस सहसा चुकीचा ठरतो. त्या दिवशी बंदुका खांद्यावरच असतात. सैन्य परतले, ठाणी रिकामी झाली, तो दिवस धरावा. कोस्टा रिकाने 1 डिसेंबर धरला: 1948 मध्ये त्या दिवशी तिथले सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य बरखास्त केले, आणि 1949 च्या राज्यघटनेच्या 12 व्या कलमाने ते पक्के केले. ती बराक आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, म्हणजे इमारतच कलमाच्या पालनाचा पुरावा झाली. नावे कोरायची तर सर्वांची कोरावीत. जपानमधल्या ओकिनावात 23 जून 1995 रोजी खुल्या झालेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या लढाईच्या स्मारकावर सैनिक-नागरिक, जपानी-अमेरिकन असा भेद न करता 2,40,000 हून अधिक नावे आहेत आणि नव्याने समजलेली नावे अजूनही भरली जातात. तिथेही काही कोरियन कुटुंबांनी आपल्या माणसाचे नाव आक्रमकांच्या ओळीत नको म्हणून नकार दिला. त्या नकाराचा मान राखायलाच हवा. हिरोशिमात अणुबाँबला बळी पडलेल्या कोरियन लोकांचे स्मारक 1970 मध्ये शांतता उद्यानाच्या बाहेर उभारले गेले होते, ते आत यायला 1999 उजाडले. साहित्य निवडताना कोलंबियातल्या बोगोटाचे उदाहरण पाहावे. तिथल्या फार्क या बंडखोर संघटनेची 37 टन शस्त्रे वितळवून शिल्पकार दोरिस साल्सेदो यांनी 1,296 फरश्या ओतल्या. त्यांचे साचे युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्याने ठोकून घडवले. मान वर करून पाहायला तिथे काही नाही, लोक त्या शस्त्रांवर पाय ठेवून चालतात. आणि शस्त्रांपासून स्मारके करायची हे शांतता करारातच लिहिलेले होते.

सगळ्यात दीर्घ अनुभव जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराचा आहे. 8 ऑगस्ट 1629 रोजी तिथल्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना काढून टाकले गेले. वेस्टफालियाच्या तहाने शहरातली पदे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही पंथांत समसमान वाटली, आणि 1650 पासून 8 ऑगस्टला शांततेचा सण सुरू झाला. आजही त्या दिवशी सुट्टी आहे, ती फक्त त्या एका शहराच्या हद्दीत. 1651 ते 1789 या काळात शाळेतल्या मुलांना या सणाला एक छापील चित्र मिळत असे. यात मोठा दोषही होता: तारीख एका पंथाच्या जखमेची होती, म्हणून दुसरा पंथ तीन शतके बाहेर राहिला, कॅथलिक सामील झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पदांच्या समान वाटपाचे कलम तर जुन्या पवित्र रोमन साम्राज्यासोबतच केव्हाच संपले. तरी सण टिकला, कारण शहराने त्याला पुढचे काम दिले. आता चौकात लांबलचक टेबले मांडली जातात, लोक आपापले जेवण आणून अनोळखी शेजाऱ्यांबरोबर वाटून खातात. वेगवेगळ्या धर्मांच्या सहजीवनासाठी झटणाऱ्यांना 1985 पासून पुरस्कार दिला जातो. 1650 साली दोन पंथ होते, आज त्या शहरात कितीतरी जास्त आहेत, आणि नव्या आलेल्यांशी काय ठरवायचे याची कलमे अजून लिहायची आहेत.